तिच्या वाट्याच्या सुया

केवळराम विणकरांच्या मोहल्ल्यात हळव्या मनाचा म्हणून ओळखला जायचा. आणि हळव्या मनाची माणसं जो घोटाळा करून ठेवतात, तो एखाद्या दगडाच्या काळजाच्या माणसाला सात जन्मांत जमायचा नाही. बकरी आजारी पडली तरी याला जेवण जायचं नाही. मग बायकोच्या बाबतीत काय होत असेल ते सांगायलाच नको.

अठ्ठ्याहत्तर सालचा पौष होता. त्याची बायको धुरपता तेव्हा चौथ्या महिन्यात होती, पण घरात कुणी मोकळेपणानं हसत नव्हतं. ही तिची तिसरी खेप. पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं, दुसरं आठव्यात. दोन्ही पोटातच. त्यामुळे आताच्या दिवसांचा आनंद करायचा की धसका घ्यायचा, हे कुणालाच कळत नव्हतं.

केवळरामची आई चंद्रभागाबाई. बाई वाईट नव्हती. सुनेला सकाळी दूध द्यायची ती स्वतःच्या हातानं, आणि पेला रिकामा होईस्तोवर समोरून हलायची नाही. पण पेला विसळता विसळता म्हणायची, "हिच्या कुशीतच काही तरी हाये बाप्पा." हे वाक्य पाच वर्षांत इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की मोहल्ल्यानं ते खरं धरून टाकलं. शेजारची राधाबाई आपल्या गरोदर सुनेच्या ओटीभरणाला सगळ्यांना बोलवायची आणि नेमकं धुरपतेला सांगायचं विसरायची. धुरपताही विसरल्यासारखं दाखवायची. तिचं माहेर आंबागडचं, बापानं माग सोडून शेती धरलेली. पावसापाण्यात भाताची रोवणी केलेली ती पोरगी. अंगावर आलेलं सहज उचलायची तिला सवय होती.

कुसुमताई नावाच्या नर्सबाई महिन्यातून एकदा मोहल्ल्यात यायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या नसबंदीच्या धामधुमीपासून त्यांची पिशवी दिसली की दारं पटापट लागायची. केवळरामचं दार तेवढं उघडं राहायचं, कारण समोरच्याच्या तोंडावर दार लावणं त्याला जमत नसे. त्या दिवशी कुसुमताईंनी धुरपतेला दोन्ही बाळंतपणांचं विचारलं, ओठ आवळून ऐकलं, आणि जाताना केवळरामला कडुनिंबाखाली बोलावून म्हणाल्या, "दादा, रक्त तपासून घ्या. दोघांचंही. पण आधी तुमचं."

"माहं कायले? पोट तर तिचं हाये."

"तेच तर म्हणते. सगळे तिच्याच पोटाकडे बघून राहिले. आधी तुमचं."

मग केवळराम सरकारी दवाखान्यात गेला. ज्या खोलीपुढे त्याला बसवलं, तिथं बाकावरची सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून बसली होती. यानं तर दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता. तरी शेजारच्यानं हळूच विचारलं, "केवळरामभाऊ, माग कसा चालला?" बिचाऱ्यानं "बरा हाये" म्हणून उत्तरही दिलं.

आठवड्यानं निकाल आला. डॉक्टर मधुकरराव केस पिकलेला, सरळ बोलणारा माणूस होता. "बाहेर कुठं गेला होतास?" त्यांनी विचारलं. केवळरामला आधी वाटलं ते गावाचं विचारताहेत. मग कळलं, आणि त्याचे कान लाल झाले.

गेला होता. बहात्तर साली सूत मिळेनासं झालं, माग बंद पडले, तेव्हा वर्षभर भिवंडीला यंत्रमागावर काम केलं. एका खोलीत आठ माणसं राहायची. एका सुट्टीच्या दिवशी बाकीच्यांनी ओढून नेलं, आणि पुढच्या खेपेला कुणी ओढलं नाही, हा आपल्या पायांनी गेला. तीनेक आठवड्यांनी नको त्या जागी एक फोड आला. दुखत नव्हता. महिन्याभरात आपोआप बरा झाला, तेव्हा यानं देवाचे आभार मानले आणि पुन्हा त्या गल्लीकडे फिरकला नाही. पुढच्या वर्षी गावी येऊन लग्न केलं. त्याच्या लेखी ते प्रकरण तिथंच संपलं होतं.

"फोड गेला, रोग नाही गेला," मधुकरराव म्हणाले. "तो रक्तात जाऊन बसतो. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. तुझ्याकडून तो बायकोकडे गेला, आणि बायकोकडून पोटातल्या जिवाकडे. पण औषध आहे. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं तुला, तीन तिला. तिला इथं घेऊन ये, रक्तही बघू. आणि मी सांगेपर्यंत दोघं वेगळे निजा."

त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

केवळरामनं या बोलण्यातलं पुरतं असं एकच ऐकलं. दोन्ही लेकरं आपल्यामुळे गेली. बाकीचं सगळं त्याच्या कानांवरून वाहून गेलं. दवाखान्यापासून घरापर्यंत तो चालत आला, आणि वाटेत त्याच्या हळव्या मनानं एक निकाल लावून टाकला. पाप आपलं. रोग आपला. मग सुया त्या गरीब बाईनं का खायच्या? तिच्या वाट्याला आधीच काय कमी आलंय? तिच्याही सुया आपणच घ्यायच्या. म्हणजे तिला त्रास नाही, आणि सांगायलाही नको.

आता यात सांगायला नको हा भाग किती आणि माया किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण माया होती, हे मात्र माझ्याकडून लिहून घ्या.

मोहल्ल्यापासून दूर मोतीलाल नावाचा कंपाउंडर सुया टोचायचा. तो कुणाला काही विचारत नसे, त्याचं नाव झालं होतं तेच मुळी त्यामुळे. केवळरामनं दोन्ही चिठ्ठ्यांचं औषध त्याच्यापुढे ठेवलं आणि हिशेबही आपला आपण ठरवला. सोमवारी उजवीकडे, ती आपली. गुरुवारी डावीकडे, ती धुरपतेची. असे तीन आठवडे.

ही इंजेक्शनं काही साधी नव्हती. औषध दाट, आणि टोचल्या जागी गाठ धरायची. माग चालवायला माणसाला खड्ड्याच्या काठावर नीट टेकून बसावं लागतं, दोन्ही पाय खड्ड्यात, दाबायच्या पावड्यांवर. केवळराम सोमवारी डावीकडे कलून बसायचा, गुरुवारनंतर कुठंच कलायला जागा उरायची नाही. धुरपता समोर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असायची. तिनं दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "काय झालं तुमाले?"

"गळू झालं."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं."

ती उठली, एरंडाची पानं आणली, तेल लावून चुलीवर गरम केली आणि त्याला पालथं निजवून शेकायला बसली. आधी उजवी बाजू, मग डावी. डाव्या बाजूला शेक बसला तेव्हा केवळरामच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई दुखते का?" तिनं विचारलं. त्यानं उशीत तोंड खुपसून नुसती मान हलवली. पोटुशी बाई, वाकून, आपल्याच वाट्याच्या सुईची जागा नवऱ्याच्या अंगावर शेकत होती, आणि हा महाभाग मनात म्हणत होता की बरं झालं, हिला वाचवलं.

डॉक्टरांची एक सूचना मात्र त्यानं तंतोतंत पाळली. तो आपली वाकळ घेऊन मागाच्या खोलीत निजू लागला. धुरपतेनं याचा काय तो अर्थ काढला.

सहा सुया पुऱ्या झाल्यावर केवळराम मोठ्या समाधानानं मधुकररावांकडे गेला. या खेपेला दुपट्टाही गुंडाळला नव्हता.

"तुझी तीन झाली?"

"झाली जी."

"आणि बाईंची?"

"ते बी झाली."

"छान. मग रक्ताला का नाही आणलंस तिला? कुणी टोचलं?"

"तिच्या बी मीच घेतल्या जी," केवळराम म्हणाला. "तिले काहून तरास द्याचा?"

मधुकररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दारातल्या शिपायाला बाहेर जायला सांगितलं. केवळरामला वाटलं, आता हे आपली पाठ थोपटणार.

"तुम्ही सूत घरीच रंगवता ना?" त्यांनी विचारलं. "एका नांदीत दोन लडी बुडवल्या. दोन्ही काळ्या झाल्या. त्यातली एकच लड तू सहा वेळा धुतलीस. दुसरीचा रंग जाईल का?"

केवळरामनं नाही अशी मान हलवली.

"तिच्या रक्तातला रोग तिच्या रक्तात आहे, बाबा. तुझ्या अंगात औषधाची विहीर ओतली तरी तिला थेंब मिळणार नाही. कितवा लागला?"

"पाचवा."

"अजून वेळ आहे. पण तीन आठवडे फुकट गेले, आता एक दिवस घालवू नकोस. उद्या घेऊन ये. काय सांगायचं ते तुझं तू बघ, पण ती आली पाहिजे."

केवळराम घरी आला तो पाय ओढत. तरी वाटेत त्याला एक पळवाट सापडली. आल्या आल्या तो धुरपतेला म्हणाला, "उद्या दवाखान्यात जाऊ. ताकदीची सुई देऊन राहिले तुह्यासारख्या बायांले."

धुरपतेच्या हातातलं सूत तुटलं. "सुई नाई," ती म्हणाली. "मागच्या खेपेले सातवा सरता सरता अशीच एक सुई देल्ली होती. आठ दिवसांनी पोटातलं हालणं थांबलं. त्या सुईनंच झालं का कायनं, मले मालूम नाई. पण आता या पोटाले मी सुई लावू देणार नाई. पुन्हा नाव काढसान तर आंबागडले निघून जाईन."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की पुढं बोलायची सोयच राहिली नाही. केवळरामला कळून चुकलं, खोटं बोलून ही बाई दवाखान्याची पायरी चढणार नाही. खरं सांगितलं तर कदाचित चढेल, कदाचित कायमची माहेरी जाईल. पण न सांगितलं तर तिसरंही लेकरू जाणार, आणि या वेळी आपल्याला आधीपासून माहीत असताना जाणार. त्या रात्री त्याला झोप आली नाही, हे वेगळं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागावर बसला. धुरपता चरख्यापाशी. चंद्रभागाबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. केवळरामनं ताण्यातून इकडून तिकडे धोटा फेकायला सुरुवात केली, आणि खटखट नीट लागली तशी, मान खाली, नजर सुतावर ठेवून सगळं सांगून टाकलं. भिवंडी. ती गल्ली. फोड. रक्त. सहा सुया, उजवीकडच्या आणि डावीकडच्या. मागाच्या आवाजात दोन माणसांपलीकडे शब्द जात नव्हता, आणि हात चालू होते म्हणूनच त्याचं तोंड चालू शकलं. सांगून झालं तरी तो धोटा फेकतच राहिला. वर पाहायची त्याची हिंमत होत नव्हती.

चरखा थांबला होता.

त्याला वाटलं, ती आता त्या बाईचं विचारेल. कोण होती, कशी होती. तिनं काही तरी फेकून मारलं असतं तरी त्यानं डोकं पुढं केलं असतं.

"म्हंजे मी नाई खाल्ली पोरं?" धुरपता म्हणाली.

केवळरामचे हात जागच्या जागी थांबले. पाच वर्षं तो एका घरात, एका ताटात, एका अंथरुणावर या बाईसोबत राहिला होता, आणि ती रोज काय घेऊन उठत होती याचा त्याला पत्ताच नव्हता. गेले तीन आठवडे तर तो नुसता स्वतःच्या पापात गुंतला होता. तिला वाचवायच्या नादात तिच्याकडे पाहायचंच राहून गेलं होतं.

"नाई वो," तो म्हणाला. "तुह्यात काहीच खोट नोती."

"पुन्हा सांगा."

"तुह्यात खोट नोती. माह्यामुळं झालं."

"आन ते वेगळं निजणं?"

"डाक्टरनं सांगतलं म्हणून."

"मले वाटे, तुमी बी मले भेऊन राहिले." तिनं पदरानं तोंड पुसलं. मग तिचा आवाज बदलला. "सुई मी घेईन. पोरासाठी घेईन, तुमच्यासाठी नाई. पण आधी हे आत्याबाईले सांगा. मी नाई सांगणार. तुमी सांगा, आताच्या आता."

आता हे बघा, बायकोला सांगणं एक आणि आईला सांगणं एक. असल्या गोष्टी मुलगा आईपुढे बोलत नाही, आपल्याकडे नवरासुद्धा बायकोपुढे बोलत नाही. केवळराम मागाच्या खड्ड्यातून बाहेर आला, ओसरीवर आईपुढे उकिडवा बसला आणि बोलला. इथं खटखट नव्हती. प्रत्येक शब्द सुपातल्या खड्यासारखा वेगळा पडला.

चंद्रभागाबाई पाखडतच राहिली. मग म्हणाली, "माह्या लेकाले कोणी तरी फसवलं असन."

"कोणी नाई फसवलं, माय. मी माह्या पायानं गेलो."

तिनं सूप खाली ठेवलं. उठून घरात गेली आणि दार ओढून घेतलं. नवराबायको दवाखान्यात जायला निघाली तेव्हा मात्र ती ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी होती. "मी बी येतो संगं," एवढंच म्हणाली. तिथं भिंतीकडे तोंड केलेल्या पुरुषांच्या रांगेत ती सुनेला घेऊन ताठ बसली, भिंतीकडे पाठ करून. सुई टोचताना धुरपतेनं डोळे मिटले आणि हात पुढं केला. तो केवळराम धरणार, इतक्यात सासूनं धरला.

धुरपतेच्या रक्तात निघायचं तेच निघालं. मधुकररावांनी धुरपतेला स्वतः समजावून सांगितलं, मागची सुई धनुर्वाताची होती, तिच्यामुळे मूल गेलं नाही. तीन सोमवार तीन इंजेक्शनं झाली. घरी धुरपता केवळरामला जेवायला वाढायची, कांड्या भरून द्यायची, पण बोलणं कामापुरतं. एकदा तो हळूच म्हणाला, "शेकून देऊ का?" "राहू द्या," ती म्हणाली. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. आपण जे केलं त्या मानानं हे फार स्वस्तात चाललंय, असं त्याला वाटायचं, आणि माझंही मत त्याहून वेगळं नाही.

सातवा महिना गेला. आठवा लागला तशी घरात तिघंही हळू चालू लागली. धुरपता हातातलं काम सोडून पोटावर हात ठेवायची, तेव्हा इकडे माग थांबायचा. ती मान डोलवायची, म्हणजे हलतंय. मग माग सुरू व्हायचा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा असं चालायचं. त्या उन्हाळ्यात केवळरामचं एकही पातळ वेळेवर झालं नाही. पण एके दुपारी ती आपण होऊन म्हणाली, "या, हात ठेवून पाहा. लाता मारून राहिलं." तो गेला, हात ठेवला, आणि लहान मुलासारखा रडू लागला. मग तिलाच त्याला गप्प करावं लागलं.

ज्येष्ठात धुरपतेला मुलगी झाली. मोठ्या आवाजाची. कुसुमताईंनी बाळाचं रक्त तपासायला नेलं, आणि डॉक्टरांनी लेकरू निरोगी असल्याचा निरोप पाठवला.

बारशाला सगळा मोहल्ला लोटला. राधाबाई तर सगळ्यांच्या आधी आली. बायका पाळण्याभोवती दाटल्या होत्या, केवळराम दाराबाहेर पुरुषांत उभा होता. राधाबाईनं बाळाच्या मुठीत घुगऱ्या दिल्यासारखं केलं आणि विचारलं, "कोण्या देवाले नवस बोलली होती वो, चंद्रभागाबाई? सांगा तरी. तुमच्या सुनेच्या कुशीतलं गेलं म्हणाचं का मंग?"

धुरपतेनं मान खाली घातली.

"माह्या सुनेच्या कुशीत काही नोतंच," चंद्रभागाबाई म्हणाली. आवाज दाराबाहेर पोचेल इतका मोठा होता. "खोट माह्या लेकाच्या रक्तात होती. ते तिले लागली आन तिच्यातून लेकरांले. दोघांनी दवाखान्यातल्या सुया घेतल्या, म्हणून ही पोरगी जगली. सुनेचं काहीच चुकलं नोतं. मी मात्र पाच वर्सं तिले बोलली, या तोंडानं बोलली. तुमी बी बोलल्या."

पाळण्याचं हलणं थांबलं. बाहेरच्या पुरुषांनी एकदम आभाळाकडे, चपलांकडे, मिळेल तिकडे पाहायला सुरुवात केली. केवळरामला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण ती दुभंगली नाही, आणि आतून धुरपतेचा आवाज आला.

ती रडत होती. अशी रडणारी धुरपता कुणी कधी ऐकली नव्हती. पहिलं लेकरू गेलं तेव्हा ती रडली नव्हती, दुसरं गेलं तेव्हाही नाही. आणि बाई कशी कोरडी आहे, हेही मोहल्ल्यानं तेव्हा बोलून घेतलं होतं. ज्याच्यावर आळ असतो त्याला रडायची सोय नसते. आज तो आळ उतरला, आणि ती त्या दोघांसाठी रडायला बसली. पोरीला छातीशी धरून ती "माहे लेकरं, माहे दोन लेकरं" एवढंच म्हणत होती. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि राधाबाईही डोळ्यांना पदर लावून उभी होती.

बायकांच्या मेळ्यात पुरुषानं जायचं नसतं. केवळराम गेला. बायकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो धुरपतेजवळ जमिनीवर बसला, आणि तिनं पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली, दोन्ही हात मोकळे केले, आणि पोटभर रडून घेतलं.